स्टॉर्मट्रूपरचं चिलखत: कापायचं कुठे, चिकटवायचं कशाने आणि नियम कोणाचे

१९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये डेथ स्टार या अवकाशतळावरच्या एका खोलीचं दार वर सरकतं, स्टॉर्मट्रूपर, म्हणजे साम्राज्याचे पांढऱ्या चिलखतातले शिपाई, धावत आत शिरतात आणि त्यातल्या एकाचं डोकं दाराच्या कडेवर आपटतं. चित्रीकरणातली ही चूक संकलनातही तशीच राहिली. थिएटरमध्ये ती किती जणांना दिसली असेल कोण जाणे, पण व्हिडिओ कॅसेट घरात आली, पॉजचं बटण हाती आलं आणि चाहत्यांनी ती पकडली. हसून हसून तिला इतकं प्रसिद्ध केलं की २००२च्या चित्रपटात जँगो फेट या भाडोत्री शिकाऱ्याचं डोकंही स्वतःच्या यानाच्या दारावर आपटलं आणि २००४च्या डीव्हीडीत मूळ प्रसंगाला चक्क ‘ठक्’ असा आवाज जोडला गेला. प्रेक्षकांनी शोधलेली चूक कंपनीने रीतसर दप्तरी घेतली.

माध्यमांच्या अभ्यासकांनी या सगळ्याला ‘कन्व्हर्जन्स’ (माध्यमांची सरमिसळ) आणि ‘सहभागी संस्कृती’ अशी नावं दिली आहेत. हेन्री जेन्किन्स यांचं नाव त्यात पहिलं घ्यावं लागतं. पण हे प्रकरण नीट कळायला त्यांचं लिखाण वाचण्यापेक्षा ते पांढरं चिलखत एकदा बनवून बघावं. त्या बिचाऱ्या शिपायाचं डोकं का आपटलं, हेही तेव्हाच कळतं: हेल्मेटमधून स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि कपाळाच्या वरचंही काही दिसत नाही.

आधी मूळ वस्तूबद्दल, कारण पुढचे सगळे वाद तिथूनच निघतात. राल्फ मॅक्वेरींची चित्रं, जॉन मोलोंची वेशभूषा, लिझ मूर आणि ब्रायन मुइर यांचं शिल्पकाम, आणि लंडनजवळच्या ट्विकनहॅममध्ये अँड्र्यू एन्सवर्थ यांनी व्हॅक्युम फॉर्मिंगने, म्हणजे पत्रा तापवून आणि खालची हवा खेचून, साच्यावर ओढलेलं प्लास्टिक. चिलखत एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचं होतं. गर्दीतल्या शिपायांची ‘स्टंट’ हेल्मेटं वेगळ्या, खाकी रंगाच्या प्लास्टिकची असून वरून पांढरी रंगवलेली होती. जवळून दिसणारी ‘हीरो’ हेल्मेटं पांढऱ्या एबीएसची. सगळं घाईत, एका चित्रीकरणापुरतं टिकावं एवढ्याच बेताने केलेलं. हेल्मेटचे दोन्ही गाल सारखे नाहीत. गालांजवळच्या नळ्यांवरचे निळे पट्टे हाताने मारलेले, म्हणून प्रत्येक हेल्मेटवर वेगळे. बूट म्हणजे साधे चेल्सी बूट, पांढरा रंग मारलेले. सेटवर कोणाला वाटलंही नसेल की ५० वर्षांनी माणसं हे पट्टे मोजत बसतील.

पण मोजत बसली. १९९७ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात अल्बिन जॉन्सन यांनी ५०१वी लीजन ही चाहत्यांची संघटना सुरू केली. पोशाख ज्याचा त्याने करायचा आणि रुग्णालयांत, धर्मादाय कार्यक्रमांत घालून जायचं. हजेरीचे पैसे घ्यायचे नाहीत. कोणाला द्यायचेच असतील तर ते एखाद्या चांगल्या कामाला द्यावेत. सभासद व्हायचं तर वय १८ पूर्ण हवं आणि पोशाख ‘सीआरएल’ला उतरला पाहिजे. सीआरएल म्हणजे कॉस्च्यूम रेफरन्स लायब्ररी: प्रत्येक पात्राच्या प्रत्येक तुकड्याचं वर्णन, छायाचित्रांसह. स्टुडिओतल्या घाईच्या कामातून चाहत्यांनी काढलेली ही जणू राज्यघटना आहे आणि तीत त्या घाईच्या चुकासुद्धा कलमं बनून बसल्या आहेत. नळ्यांवरचे पट्टे निळे, प्रत्येक बाजूला ९ ते १६. डाव्या नडगीवर गुडघ्याचं चौकोनी पॅड, उजव्यावर नाही. उजव्या मांडीच्या खालच्या कडेला काडतुसांच्या पेट्यांची पट्टी, डाव्याला नाही. कमरेमागच्या थर्मल डेटोनेटरची, म्हणजे बॉम्बच्या नळकांड्याची, लांबी सुमारे १९ सेंटीमीटर. तोंडाच्या उलट्या पट्टीत, म्हणजे ‘फ्राउन’मध्ये, स्टंटला आठ दात आरपार कापायचे, हीरोला सहा. स्टंटच्या काचा सपाट, हीरोच्या फुगीर.

म्हणूनच कात्री हातात घेण्याआधी पहिला प्रश्न: कुठला स्टॉर्मट्रूपर? १९७७चा स्टंट, १९७७चा हीरो, की १९८०च्या चित्रपटातला? १९८०च्या नळ्यांवर हाताने मारलेले निळे पट्टे नसून काळे स्टिकर आहेत. नवशिके तिन्हींची छायाचित्रं एकत्र करून बसतात आणि हीरोचे दात कापलेल्या हेल्मेटला सपाट काचा लावतात. कापलेला दात परत भरणं म्हणजे आठवडाभराचं काम. एक प्रकार ठरवा, त्याचं सीआरएल पान छापून भिंतीला लावा आणि इतर कुठलंही छायाचित्र समोर ठेवू नका.

आता माल. तीन वाटा आहेत. पहिली, तयार किट: व्हॅक्युम फॉर्म केलेले, न कापलेले पंचवीस-तीस तुकडे एका खोक्यात येतात. भारतात मागवायचं तर किंमतीवर जहाजभाडं, त्यावर कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी, हे आधीच हिशेबात धरा. खोकं मोठं असतं आणि भाडं वजनापेक्षा आकारमानावर लागतं. दुसरी वाट थ्रीडी प्रिंटिंगची. तिसरी, स्वतः साचे करून स्वतः ओढायचं.

तिसरी ऐकायला मर्दानी वाटते, पण एकाच पोशाखासाठी तिच्या वाटेला जाऊ नये. साचा प्लास्टरचा किंवा एमडीएफचा, बाजूंना तीन ते पाच अंशांचा उतार हवा, नाहीतर थंड झालेलं प्लास्टिक साच्याला असं आवळून बसतं की दोन्हींपैकी एक फुटतंच. खोलगट जागी एक मिलिमीटरची भोकं पाडली नाहीत तर तिथे हवा अडकते आणि बारकावा उठत नाही. पत्रा दोन मिलिमीटरचा. उंच साच्यावर ओढताना कोपऱ्यांत तो निम्म्याने पातळ होतो आणि पुढे तडा जातो तो नेमका तिथेच. आपल्याकडची खास अडचण दमटपणाची आहे. एबीएस हवेतलं पाणी शोषतं. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात पडून असलेला पत्रा तसाच तापवला तर पृष्ठभागावर बारीक फोड येतात आणि माणसाला वाटतं, मालच खराब. माल चांगला असतो. तो आधी ८० अंशांना दोनेक तास सुकवायचा राहिलेला असतो. शेजारशेजारच्या दोन उंचवट्यांमध्ये प्लास्टिकची घडी पडत असेल तर साचे फार जवळ आहेत किंवा पत्रा जास्त तापून लोंबतोय.

थ्रीडी प्रिंटची वाट आज सर्वांत सोपी दिसते आणि सर्वांत जास्त अर्धवट पोशाख तिथेच पडून राहतात. प्रिंटरच्या २२० मिलिमीटरच्या बेडवर पूर्ण हेल्मेट बसत नाही, ते तुकड्यांत छापून जोडावं लागतं. ०.४ मिलिमीटरच्या नोझलला चार भिंती ठेवा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडी मिळते. त्याहून पातळ केलंत तर सँडिंग करताना आरपार जाल. खरं काम छापून झाल्यावर सुरू होतं: १२०चा पॉलिश पेपर, गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांकडे मिळणारी पुट्टी, मग २४०, मग फिलर प्रायमर, मग ४००, पुन्हा प्रायमर. चकचकीत पांढऱ्या रंगाखाली थराची एक रेघ राहिली तरी ती दिव्याखाली ओरडते आणि मंजुरी तिथेच अडते. प्रायमर पांढराच घ्या. करड्यावर पांढरा झाकायला इतके हात मारावे लागतात की कडा बोथट होतात. आणि पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक वापरणाऱ्यांनी एक आकडा पाठ करावा: साधारण ६० अंश, तिथे ते मऊ पडतं. मे महिन्यात नागपूरला उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे हेल्मेट ठेवलंत तर संध्याकाळी ते वितळलेल्या मेणासारखं बसलेलं मिळेल. पीईटीजी किंवा एएसए ही प्लास्टिकं वापरा.

थोडक्यात, किट घ्या. पण कुठलं? इथे या बिरादरीचा सर्वांत गमतीदार नियम लागतो. चिलखताचं डिझाइन यांच्यापैकी कोणाचंच नाही, तरी दुसऱ्याच्या किटवरून साचा काढून विकणं, म्हणजे ‘रिकास्ट’, हे महापाप. मालकीहक्काच्या दाराबाहेर उभं राहून ही मंडळी आपसांत मालकीहक्क पाळतात आणि काटेकोर पाळतात. यामागे व्यवहारही आहे. प्रत्येक नकलेत प्लास्टिक थोडं आकसतं, कडा गोल होतात, गालावरची रेघ पुसट होते. बाजारपेठी संकेतस्थळांवरचं स्वस्त हेल्मेट बहुतेक वेळा नकलेची नक्कल असतं आणि सीआरएलच्या छायाचित्राशेजारी धरलं की ते सुजलेलं दिसतं.

खरा मालक कोण, हा प्रश्न न्यायालयातही गेला. एन्सवर्थ यांनी २००४ पासून मूळ साच्यांवरून हेल्मेटं विकायला सुरुवात केली. ‘स्टार वॉर्स’ची कंपनी लुकासफिल्म हिने कॅलिफोर्नियात त्यांच्याविरुद्ध दोन कोटी डॉलरचा निवाडा मिळवला, पण तो इंग्लंडमध्ये वसूल होईना, म्हणून तिथेही दावा लावला. २०११च्या जुलैत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे हेल्मेट ‘शिल्प’ नाही. चित्रपट बनवण्याच्या प्रक्रियेतली ती एक उपयोगाची वस्तू आहे, त्यामुळे शिल्पाला मिळणारं दीर्घ कॉपीराइट संरक्षण तिला नाही. त्याच निकालात हेही ठरलं की अमेरिकन कॉपीराइटच्या भंगाचा दावा इंग्लिश न्यायालयात चालू शकतो, म्हणजे अमेरिकेत विकलेल्या नगांची जबाबदारी सुटली नाही. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२)प्रमाणे, नोंदणीयोग्य पण न नोंदवलेल्या डिझाइनच्या, मालकाने किंवा त्याच्या परवान्याने, ५० हून जास्त औद्योगिक प्रती निघाल्या की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. यावरून स्वतःचा धंदा टाकण्याचा सल्ला मात्र कोणी काढू नये. नाव आणि बोधचिन्ह यांचा ट्रेडमार्क ही वेगळी गोष्ट आहे. एक पोशाख, स्वतःसाठी, फायद्याविना, एवढ्यावर गोष्ट राहते तोवर कंपनी हसून बघते.

हसणं कुठे थांबतं हे ‘स्टार ट्रेक’वाल्यांना जास्त चांगलं ठाऊक. ‘अ‍ॅक्सनार’ नावाच्या चाहत्यांच्या चित्रपटासाठी लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरहून अधिक जमले. डिसेंबर २०१५मध्ये ‘स्टार ट्रेक’चे मालक पॅरामाउंट आणि सीबीएस न्यायालयात गेले आणि जून २०१६मध्ये त्यांनी चाहत्यांसाठी नियम जाहीर केले: एक कथा १५ मिनिटांची, किंवा फार तर दोन भाग मिळून ३० मिनिटांची; वर्गणी ५०,००० डॉलरच्या आत; काम करणारे हौशी; पोशाख बाजारात मिळत असतील तर अधिकृतच. एकीकडे, ‘स्टार वॉर्स’मध्ये, नियम चाहत्यांनी लिहिले आणि कंपनीने ते सोयीचे म्हणून चालू दिले. दुसरीकडे कंपनीने लिहिले आणि चाहत्यांनी दात-ओठ खाऊन पाळले. दोन्हींत फरक पैशाचा आहे, भक्तीचा नाही. ५०१व्या लीजनमध्ये जमवायला मुळात गल्लाच ठेवलेला नाही, हे तिचं सर्वांत मोठं शहाणपण.

असो. खोकं उघडूया.

सगळे तुकडे काढून आधी मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं घाला: डावा दंड बाहेरचा, डावा दंड आतला. कापल्यावर ते ओळखू येत नाहीत. वरची संरक्षक फिल्म असेल तर शेवटपर्यंत काढू नका. एबीएसची चमक ही त्याची स्वतःची असते, रंगाची नव्हे; पुढच्या भागावर पॉलिश पेपरची रेघ पडली की ती कायमची.

कापण्यासाठी कटरने सरळ रेघ हलक्या हाताने तीन-चारदा ओढा आणि वाकवा, प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. वळणदार कडांना रिमोटवर चालणाऱ्या ‘आरसी’ गाड्यांच्या बॉडीसाठी मिळते ती वाकड्या पात्याची कात्री उत्तम. रोटरी टूल वापरायचं तर सर्वांत कमी वेगावर, कारण वेग वाढला की एबीएस कापलं न जाता वितळतं आणि पात्याच्या मागे पुन्हा चिकटतं. पहिल्यांदा प्रत्येक कड चार-पाच मिलिमीटर जास्तच ठेवा. काळा आतला पोशाख घालून, मास्किंग टेपने तुकडे अंगावर जोडून, बसून-उठून बघा आणि मगच शेवटचं माप धरा. नुसत्या टी-शर्टवर घेतलेलं मांडीचं माप पुढे हमखास फसतं.

सुरुवात मनगटापासून कोपरापर्यंतच्या नळ्यांनी करावी. त्या सोप्या आहेत आणि चुकल्या तरी लक्ष जात नाही. हेल्मेट सर्वांत शेवटी. बहुतेक जण हेल्मेटवर तुटून पडतात, कारण ते डोक्यावर घालून आरशात बघायचं असतं, आणि म्हणून त्यांच्या सगळ्या पोशाखात सर्वांत कच्चं काम चेहऱ्यावर असतं.

दोन अर्ध्या नळ्या एकमेकींवर चढवायच्या नाहीत. कडेला कड भिडवायची आणि वरून एबीएसची पट्टी चिकटवायची: हातांना १५ मिलिमीटर, मांडी-नडगीला पुढून २०, मागून २५. आतूनही एक पट्टी लावा, ती दिसत नाही पण भार घेते. नडगीचा मागचा सांधा मात्र उघडा राहतो. पाय तिथूनच घालायचा असतो, तो वेल्क्रोने किंवा हुकांनी बंद करायचा.

चिकटवण्याबद्दल जेवढे लोक तेवढी मतं. जगभर ई-६००० नावाचा डिंक चालतो. तो वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहतो, धक्का सोसतो आणि चुकलं तर नेटाने ओढून सोलता येतो. आपल्याकडे तो ऑनलाइन मिळतो. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचा बी-७००० त्याच कुळातला, जरा हलका. दोन्ही बाजू १२०च्या कागदाने खरवडा, पातळ थर लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, दाबा आणि निओडायमियम चुंबकांच्या जोड्या लावून २४ तास सोडा. पूर्ण ताकद यायला ७२ तास. प्लास्टिक दोन्हीकडून बंद असल्यामुळे डिंकातलं द्रावण फक्त कडेने बाहेर पडतं, म्हणून जाड थर आतून आठवडाभर ओला राहतो आणि पट्टी सरकते. खिडक्या उघड्या ठेवा, वाफ चांगली नसते. फेव्हिक्विक झटपट धरतं, पण ते काचेसारखं ठिसूळ. नळी एकदा खुर्चीच्या कडेवर आपटली की पट्टी उडून पडते. वर त्याच्या वाफेने काचेवर पांढरी साय धरते, म्हणून हेल्मेटमध्ये तर नकोच.

फटी भरायला एबीएसचीच लापशी करा. कापलेले बारीक तुकडे काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये टाकून रात्रभर ठेवले की दह्यासारखं होतं. ते त्याच पांढऱ्या रंगाचं असतं, पुट्टीसारखं वेगळं दिसत नाही. दोन गोष्टी सांभाळा: वाळताना ते आकसतं म्हणून थोडं थोडं, दोन-तीन दिवसांच्या अंतराने भरा, आणि पातळ जागी भसकन ओतू नका, अ‍ॅसिटोनने खालचं प्लास्टिकच मऊ होऊन वाकडं होतं.

तडे जाणारच. ठरलेल्या जागा म्हणजे नडगीचे वरचे मागचे कोपरे, पोटाच्या तुकड्याच्या बाजू आणि जांघेतली जीभ. तडा दिसला की त्याच्या टोकाला दोन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग मागून पट्टी, पुढून लापशी.

आता पट्टे आणि बटणं. इथेच चिलखत माणसाच्या अंगावर बसतं किंवा लोंबतं. एबीएसच्या दोन इंची चौकोनी तुकड्यांवर टिचबटणं ठोकून त्या आतून चिकटवायच्या आणि तुकड्यांना जोडणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्यांवर समोरची बटणं ठोकायची. पुण्यात रविवार पेठेत आणि बोहरी आळीत बटणं, रिबिटी, ठोकायचं हत्यार सगळं मिळतं. पांढरं रुंद इलॅस्टिक तुळशीबागेत. नायलॉनच्या पट्टीला भोक कात्रीने किंवा पंचने पाडू नका, धागे सुटत जातात आणि ऐन वेळी बटण हातात येतं. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने पाडा, कड वितळून बंद होते.

खांद्यावरच्या खाचेदार पट्ट्या फक्त छातीकडे चिकटवा. पाठीकडे त्या इलॅस्टिकच्या फासाखाली मोकळ्या सरकू द्या. दोन्हीकडे चिकटवल्या तर पहिल्यांदा हात वर केला की कट्. मांड्यांचं वजन कमरेच्या आतल्या पट्ट्यावरून इलॅस्टिकने टांगायचं, नाहीतर चार पावलांत त्या घसरून नडग्यांवर बसतात आणि चालताना भांड्यांची टोपली हलवल्यासारखा आवाज येतो.

मापाचं गणित आपल्या बांध्याला थोडं वेगळं पडतं. बहुतेक किटं साधारण सहा फुटांच्या सडपातळ माणसाला बेतलेली आहेत. साडेपाच फुटांच्या माणसाने मांडी आणि नडगी दोन्ही वरच्या कडेने कापावी, खालच्या कडेला नाही, कारण काडतुसांची पट्टी आणि बुटावर बसणारा घेर खालीच असतो. पोट सुटलं असेल तर पोट आणि कंबरेच्या तुकड्यांमध्ये बाजूने पांढऱ्या एबीएसची पाचर घालायची आणि सांधा लापशीने बुजवायचा. गुडघ्यामागची कड मात्र सगळ्यांनाच चावते. ती अर्ध्या बोटाने कापा, गोल करा, आतून फोमची पट्टी लावा.

हेल्मेटमध्ये हिरवी काच लागते. वेल्डिंगच्या फेसशील्डचा हिरवा पत्रा कापून चालतो, मात्र शेड ३ किंवा ५चा. वेल्डिंगच्या काळ्या चष्म्याचा शेड १०-११ लावलात तर त्या सुप्रसिद्ध दाराची पुनरावृत्ती होईल. काच चिकटवू नका, आतून बोल्टवर बसवा, पुसायला काढता आली पाहिजे. धुकं धरणं ही कायमची कटकट. ४० मिलिमीटरचे पाच व्होल्टचे दोन पंखे, छोटी पॉवर बँक, आणि वारा नाकावर नव्हे तर काचेवर. आवाजासाठी आपल्याकडे शिक्षक कमरेला लावतात तो माइक-स्पीकर पुरेसा आहे. स्पीकर छातीच्या आत ठेवा. हेल्मेटमध्ये माइकच्या जवळ ठेवला की शिट्टी वाजते. कानाचे तुकडे हे हेल्मेटचं खरं दुखणं. पुढचा-मागचा सांधा ते झाकतात आणि त्यांची कड डोक्याच्या वळणाला सहसा जुळत नाही. अर्धा-अर्धा मिलिमीटर घासत, पुन्हा लावून बघत जा. एका कानाला एक संध्याकाळ धरा.

मग छायाचित्रं: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, हात वर करून, हेल्मेट काढून. ती आपल्या विभागाच्या सभासदत्व अधिकाऱ्याकडे पाठवायची. नकार आला तर मनाला लावून घेऊ नका. बहुतेकदा कारणं तीच असतात: फ्राउनचा करडा रंग दातांबाहेर आलेला, पट्टा नाभीच्या फार वर, खांदा आणि छातीत बोटभर फट, हातमोज्यावर कंपनीचं नाव. मंजुरी मिळाली की क्रमांक मिळतो, पुढे ‘टीके’ ही अक्षरं. तीही मूळ चित्रपटातल्या टीके-४२१ या शिपायावरून.

या सगळ्या खटाटोपाचं पुढे काय होतं? २००४मध्ये टिमथी झान यांनी आपल्या कादंबरीत ५०१व्या लीजनला जागा दिली. पुढच्याच वर्षीच्या चित्रपटात खलनायक व्हेडरच्या मागून जेडाय योद्ध्यांच्या मंदिरावर चालून जाणारी तुकडी तीच ठरली. २००७च्या १ जानेवारीला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाच्या रोझ परेडमध्ये ‘स्टार वॉर्स’चे जनक जॉर्ज लुकास अग्रभागी होते आणि त्यांच्यासोबत सुमारे २०० सभासद स्वतःच्या चिलखतांत चालत होते. आणि २०१९च्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेच्या पहिल्या पर्वात शेवटी शेवटी स्टॉर्मट्रूपरांची फौज हवी होती, निर्मात्यांकडे तेवढी चिलखतं नव्हती, तेव्हा त्यांनी लीजनला फोन केला. घरच्या गॅरेजमध्ये लापशी भरलेली चिलखतं कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. आर-टू-डी-टू हा ‘स्टार वॉर्स’मधला यंत्रमानव घरी बांधणाऱ्यांचंही तेच: २०१३मध्ये जर्मनीतल्या एसेनच्या मेळाव्यात निर्मात्या कॅथलीन केनेडी यांनी ब्रिटनमधल्या ऑलिव्हर स्टीपल्स आणि ली टाउअर्सी यांचे यंत्रमानव पाहिले आणि पुढच्या चित्रपटाच्या कामावर दोघांनाच घेतलं.

मुंबई कॉमिक कॉनसारख्या ठिकाणी घालून जाणार असाल तर सोबत एक साध्या कपड्यांतला माणूस हवाच. तो तुमचे डोळे आहे: पायऱ्या, केबल, मागून मिठी मारायला धावणारं पोर, हे त्याने बघायचं. एसी नसलेल्या जागी वीस-पंचवीस मिनिटांनंतर हेल्मेट काढा, स्ट्रॉने ओआरएस प्या, तहान लागायची वाट बघू नका. स्टॉर्मट्रूपरची ई-११ ही बंदूक मुळात खऱ्या ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगनवर बेतलेली आहे, त्यामुळे लोकलमध्ये किंवा मेट्रोत ती उघडी नेणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. पिशवीत न्या आणि कार्यक्रमाचे प्रॉपचे नियम आधी वाचा. सोबत्याच्या पिशवीत पांढरी गॅफर टेप, चार जादा टिचबटणं, ठोकायचं हत्यार आणि फेव्हिक्विक ठेवा. वर त्याची निंदा केली खरी, पण रांगेत उभं असताना ७२ तास कोणाकडे असतात?

घरी आल्यावर आतून ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मगच डब्यात भरा. ऊन लागलं की एबीएस पिवळं पडतं आणि ते पिवळेपण घासून जात नाही. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि इलॅस्टिकचे पट्टे सोडवून वेगळे ठेवा. दोन पावसाळ्यांनंतर ते ताणल्यावर परत येत नाहीत, तेव्हा नवीन कापून शिवायचे.